तोंड दिसेल असा टीव्ही

झेंडूचे ढीग रस्त्यावर आले की टीव्ही-फ्रिजच्या दुकानांसमोर मंडप उभे राहतात. दरवर्षीचंच आहे. पाऊस सरलेला असतो, ऊन पुन्हा चैत्रासारखं तापतं, गावाकडे दीर ज्वारीच्या पेरणीत असतात आणि इकडे रिक्षावर कर्णा बांधून कुणीतरी ओरडत जातं, जुना द्या, नवा न्या. यंदाही ती रिक्षा आमच्या गल्लीतून गेली. मी दारात बसून शेपू निवडत होते. मला हसू आलं. ज्या वर्षी आम्ही टीव्ही घेतला त्या वर्षीही अशीच रिक्षा आली होती, आणि माझ्याशेजारी पायरीवर बसलेल्या ह्यांना ती अगदी समोर येईपर्यंत कळलीच नव्हती.

हे म्हणजे माझे मालक. उभं आयुष्य मागावर गेलं त्यांचं. चादरी विणल्या, टॉवेल विणले. आता वयामुळे माग सोडला, त्याच कारखान्यात टॉवेलांचे गठ्ठे बांधायला जातात. मागाचा खडखडाट ज्यानं ऐकला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. पत्र्याच्या छपरावर कुणी सतत खडी ओततंय असं समजा, आणि त्या छपराखाली माणसं जेवतात, हसतात, पोरांची लग्नं जुळवतात. त्या आवाजात ह्यांच्या कानांनी काम करणं सोडून दिलं. कधी सोडलं ते सांगता येत नाही. केस पिकतात तसं ते झालं. कमी ऐकू येतं हे पोरालाही ठाऊक होतं. जवळजवळ येतच नाही, हे मला एकटीला ठाऊक होतं.

कानाचं मशीन आणलं होतं एकदा. ते घालून हे घराबाहेर गेले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. "भांडी, हॉर्न, कुत्री, समदं एकदम आत शिरतंय. माणूस तेवढा शिरत न्हाय," म्हणाले. मशीन कपाटात गेलं.

मला ठाऊक असण्याचं कारण कारखान्यातच आहे. लग्नाआधी मी मावशीबरोबर तिथं कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात निम्मं बोलणं कानडी, आणि स्वभाव भित्रा. चारचौघांत बोलायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची आणि नजर पायाच्या अंगठ्यावर जायची. पहिल्याच दिवशी लक्ष्मक्कांनी मला काहीतरी विचारलं. त्या तेलुगू, जुन्या कांडीवाल्या. मी खाली बघून उत्तर दिलं. त्यांनी माझ्या हनुवटीखाली हात घालून तोंड वर केलं आणि नुसते ओठ हलवून म्हणाल्या, "इकडं बोल की. जमिनीला काय सांगतीस?"

मागावरची रीतच ती. ज्याला सांगायचं त्याच्याकडे तोंड करायचं, ओठ हलवायचे, लागला तर हात. आवाज काढून उपयोग नाही म्हणून कुणी काढत नाही. तेलुगू, कानडी, मराठी, मुसलमानांची दखनी, सगळ्या भाषा त्या छपराखाली बिनआवाजाच्या होतात, आणि सगळ्यांना सगळ्यांचं समजतं. मला ती रीत फार मानवली. माझ्या बारीक आवाजाला तिथं कुणी नाव ठेवलं नाही, कारण तो कुणी ऐकलाच नाही. केसांत कापसाची धूळ बसलेली, गळ्यावर घाम, आणि मी बोलतेय, बोलतेय. जन्मात बोलले नव्हते इतकं तिथं बोलले.

हे पलीकडच्या रांगेतला माग चालवायचे. दुपारी डबे उघडले की लांबूनच मला विचारायचे, "ऊट आय्ता?" म्हणजे जेवलीस का. हे करकंबकडचे, कानडीचा गंध नाही. माझ्या आणि मावशीच्या ओठांवरून त्यांनी ते शब्द उचलले होते. त्या शब्दांचा आवाज कसा असतो हे त्यांना माहीतच नव्हतं.

वर्षात एक दिवस कारखाना गप्प असायचा, खंडेनवमीचा. आदल्या दिवशी माग पुसायचे, तेलपाणी करायचं. सकाळी केळीचे खुंट बांधायचे, प्रत्येक मागाला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. मग शेठ पेढे वाटायचे. त्या दिवशी पाखरांचा आवाज आत यायचा. पत्रा उन्हानं तडतडायचा तोही ऐकू यायचा. आणि एरवी दिवसभर ओठांनी बडबडणारी माणसं त्या शांततेत अवघडून उभी राहायची. आवाजानं काय बोलावं ते सुचायचं नाही. तशाच एका खंडेनवमीला हे माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "पेढा घे." मी दचकले. मी मनात ह्यांना भरदार आवाज दिला होता, आणि हा तर खरवडलेला, पातळ आवाज. मी घाबरून उत्तर दिलं ते सवयीनं नुसत्या ओठांनी. शांत कारखान्यात, पुढ्यात उभ्या माणसाला, आवाज न काढता. सगळे खो खो हसले. लक्ष्मक्का म्हणाल्या, "आता हिला ह्याच्याच घरात द्या. दुसरीकडं हिला मुकी म्हणतील." पुढं घरच्या मोठ्यांनी बघून-सवरून ठरवलं, तरी माझ्या हिशेबात लग्न लक्ष्मक्कांनीच जमवलं.

लग्नानंतर आम्ही दोघं घरातही तसंच बोलत राहिलो. सासूबाई म्हणायच्या, दोघं माशासारखी तोंडं हलवतात. बोलणारी मी एकटी, ऐकणारे हे एकटे, आणि मध्ये आवाज नाही. ह्यांचे कान कमी होत गेले तसं आमच्यात काही बदललं नाही. म्हणून इतरांच्यात किती बदललं ते मला उशिरा कळलं.

टीव्ही घेतला त्याच वर्षी आमच्या महेशचं लग्न झालं. महेश औषधाच्या दुकानात कामाला आहे. सून पूजा केमची. स्टेशनापासून जरा आत त्यांचं रान आहे. वळणाची मुलगी. तिच्या आईनं शिकवून पाठवलेलं, सासऱ्यासमोर मान वर करून बोलायचं नाही. ती ह्यांच्यापुढे चहा ठेवायची तो वाकून, पदर सावरत, नजर बशीवर. काही विचारायचं तर तोंड एका बाजूला करून विचारायची. आल्यागेल्याला मी कौतुकानं सांगायची, बघा, शहरात राहूनही कशी अदब आहे.

आणि हे तिला उत्तरच द्यायचे नाहीत. द्यायचे तर "व्हय व्हय". चहात साखर घालू का, व्हय व्हय. बिनसाखरेचा देऊ का, व्हय व्हय. मग हळूहळू हे घरात बसायचेच कमी झाले. कामावरून आले, हातपाय धुतले, की पायरीवर. पायरीवरून कोपऱ्यावर. जेवायच्या वेळी आत, जेवले की पुन्हा बाहेर. घरात दोघंतिघं एकदम बोलायला लागले की ह्यांची नजर या तोंडावरून त्या तोंडावर पळायची आणि पोचेपर्यंत बोलणं तिसरीकडे गेलेलं असायचं. मी ते बघत होते. काय करावं ते सुचत नव्हतं.

एके दिवशी पीठ मळताना पूजा म्हणाली, "आत्या, एक विचारू? रागवू नका."

"विचार की."

"आण्णांना मी पसंत नव्हते का हो?"

"कोण म्हणालं गं?"

"कुणी नाही. पण मी बोलले की तोंड फिरवतात. मी आले आणि ते बाहेर बसायला लागले. शेजारच्या काकूंनीपण विचारलं मला."

माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ह्यांनी मला बजावून ठेवलं होतं, पोरीला सांगू नको, बहिरा सासरा म्हणून केममध्ये बातमी जाईल. कारखान्यात कुणी बहिरं असल्याचं कुणाला काही वाटत नाही, तिथं निम्मे तसेच. सुनेच्या माहेरी मात्र ते लागतं. मी म्हणाले, "स्वभाव आहे त्यांचा." पूजानं कणीक जरा जास्तच जोरात तिंबली.

मग कटिंगच्या दुकानाची गोष्ट घडली. आमच्या कोपऱ्यावरच्या कटिंगवाल्यानं दुकानात नवा रुंद टीव्ही लावला होता. हे दाढी करायला गेले आणि घरी आले ते गळ्यावर साबण तसाच वाळलेला. मी चुलीपाशी. समोर येऊन उभे राहिले आणि ओठांनी म्हणाले, "बातम्या आयकल्या."

"कुणी सांगितल्या?"

"कुणी न्हाय. बाईच बोलत हुती. समदं कळलं. धरण भरलं. कांदा पडला. उद्या वीज जाणार."

आमचा जुना टीव्ही डब्यासारखा, स्टीलच्या कपाटावर ठेवलेला. त्यात माणसाचं तोंड लिंबाएवढं. त्या रुंद टीव्हीत बातम्या देणारी बाई हंड्याएवढ्या तोंडानं सरळ ह्यांच्याकडे बघून बोलली होती. माझ्याशिवाय कुणी इतकं सरळ तोंड करून ह्यांच्याशी कितीतरी दिवसांत बोललं नव्हतं. मी महेशला विचारून बघितलं, धरण खरंच भरलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी वीजही गेली.

ह्यांनी जन्मात स्वतःसाठी काही मागितलं नाही. त्या रात्री जेवताना मोठ्यानं म्हणाले, "रुंद टीव्ही घ्यायचा."

महेश खूश झाला. "काय आण्णा, क्रिकेट का?"

"व्हय व्हय."

मला मात्र कळलं होतं. टीव्ही आला तर हे घरात बसतील.

कोणता घ्यायचा ते ह्यांनी आपल्या पद्धतीनं ठरवलं. माझी शिलाईची टेप घेऊन कटिंगच्या दुकानात गेले. खुर्चीवर चढून त्या टीव्हीला टेप लावली, या काठापासून त्या काठापर्यंत. कटिंगवाल्यानं विचारलं म्हणे, "टीव्हीला चादर इणताय का आण्णा?" माप आलं त्रेचाळीस. आमच्यात कापड पन्ह्यानं ओळखतात. पन्हा म्हणजे आडवी रुंदी. अमुक इंची टॉवेल म्हटलं की तो पन्हाच. मग त्रेचाळीस इंची टीव्ही म्हणजे त्रेचाळीस पन्ह्याचा, यात कुणाला शंका आली नाही. महेशला नाही, मलाही नाही. घरी येऊन ह्यांनी भिंतीवर खडूनं चौकट आखली. मी समोर उभी राहून डावी-उजवी सांगितली. चौकटीत पूजानं झेंडूची माळ लावून बघितली आणि पहिल्यांदा ह्यांच्यासमोर हसली, तेही भिंतीकडे तोंड करून.

दसऱ्याच्या आधी आम्ही तिघं दुकानात गेलो. महेश गाडी लावायला जागा शोधत राहिला, आम्ही दोघं आत. इतका गारवा की मी पदर अंगभर घेतला. भिंतीभर टीव्ही, आणि सगळ्यांत एकच चित्र. मासे पोहतायत, पोपट उडतायत, बर्फाचे डोंगर, कापलेली कलिंगडं. रंग असे की डोळे दुखावेत. माणूस कुठं नाही.

विकणारे होते सलीमभाई. वयानं महेशपेक्षा बरेच मोठे, गालात पान आणि मिशा अशा की वरचा ओठ झाकून खालच्यावर आलेल्या. मी त्या मिशा बघितल्या आणि मला धडकी भरली. ह्यांना त्यांचा एक शब्द कळणार नव्हता.

"आव चाचा. क्या होना?"

ह्यांनी घरून पाठ करून आणलेलं दुकानभर जाईल अशा आवाजात सांगितलं, "त्रेचाळीस इंची! रुंद!"

"है ना. पर पचास भी देखो चाचा. आँखां ठंडे होते."

सलीमभाईंचा हात मोठ्या टीव्हीकडे गेला, तेवढं ह्यांनी ताडलं. माझ्याकडे वळून ओठांनी म्हणाले, "गळ्यात मारतोय." आणि मोठ्यानं, "न्हाय. त्रेचाळीसच!" मग टीव्हीसमोर जाऊन मासे बघत उभे राहिले. जरा वेळानं विचारलं, "ह्यात माणसं येत न्हाईत का?"

"आते ना, सब आते. पैले कलर तो देखो."

"व्हय व्हय."

"और इसके संगात ये साउंड लेके जाव. ऐसा आवाज, के कलेजा हिलता."

"व्हय व्हय."

"बांधके देऊं दोनों?"

"व्हय व्हय."

मी महेशला बघायला दाराकडे नजर टाकली. तो नव्हता. सलीमभाईंनी तो लांबडा काळा भोंगा खाली काढायला घेतला. मी आयुष्यात दुकानात तोंड उघडलेलं नाही. भाजीवालीशीसुद्धा घासाघीस करत नाही. पण हे माशांसमोर उभे होते, आणि ज्यासाठी आलो ते राहून आवाजाचं यंत्र घेऊन घरी जाणार होतो. मी सलीमभाईंजवळ गेले. ह्यांच्याकडे पाठ केली. ह्यांच्यापासून काही लपवायचं तर एवढंच करावं लागतं, तोंड फिरवायचं.

"ह्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"क्या अम्मा? जोरसे बोलो."

मला पुन्हा बोलावं लागलं. "ऐकू येत नाही. ओठ बघून कळतं. बोलणारं माणूस लावा, सरळ बघून बोलणारं. आवाज नको, तो भोंगा नको."

एवढं बोलून मी मान वर केली. सलीमभाईंच्या मागं एक मोठा टीव्ही बंद होता. काळा, आरशासारखा. त्यात मी होते, पदर ओढलेली, आणि माझ्या खांद्यावरून हे दिसत होते. माशांकडे नाही, त्याच काळ्या काचेत बघत होते. माझ्या तोंडाकडे.

सलीमभाईंनी भोंगा परत ठेवला. पान थुंकून आले, चूळ भरली. "मेरे वालिद भी मागांपेच काम करते थे अम्मा," म्हणाले. मग ह्यांच्यासमोर उभे राहिले, दोन बोटांनी मिशी वर धरली आणि ओठ दाखवून म्हणाले, "चाचा. अब देखो. माणूस लगाता."

हे इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

सगळ्या टीव्हींवर बातम्या लागल्या. आवाज बंद. एकच बाई भिंतभर बोलत होती आणि हे एकेका टीव्हीपुढे थांबत पुढं सरकत होते, कापडाची वीण बघतात तसे मान तिरपी करून. एकात तोंड पिवळं दिसतंय, एकात ओठांची कड पुसट. एका टीव्हीपाशी थांबले. "ह्यात प आन व निराळं दिसत्यात," म्हणाले. तेवढ्यात महेश घाम पुसत आत आला आणि म्हणाला, "आवाज का बंद केलाय? आवाज नको का बघायला?" सलीमभाईंनी बिल लिहायला घेतलं.

येताना महेश गाडीवर पुढे, आम्ही रिक्षात. शेजारी बसलं की आम्हाला बोलता येत नाही. हे माझ्याकडे वळले.

"काळ्या टीव्हीत दिसलीस," ओठांनी म्हणाले.

मी खाली बघितलं. त्यांनी गुडघ्यावर टिचकी मारून मला वर बघायला लावलं.

"पोरांना बी सांग."

"तुमी सांगा."

"मी सांगाय गेलो तर गल्लीला कळंल. तू सांग."

मी सांगणार होते. पण दुकानात अनोळखी माणसाला सांगता आलं ते घरात सांगता येईना. चहाच्या वेळी सांगू, तर शेजारीण आली. जेवताना सांगू, तर महेशला फोन आला. असा दसरा गेला.

मग टीव्ही बसवणारा आला. भिंतीला भोकं पाडली, टीव्ही टांगला, आणि गेला. आम्ही सगळे समोर उभे. खडूची चौकट टीव्हीच्या चारी बाजूंनी बाहेर उरलेली. अंगापेक्षा सदरा मोठा व्हावा तसं.

"फसवलं!" महेश म्हणाला. हे टेप घेऊन आले. आडवी लावली. त्रेचाळीस नाही, बरंच कमी. महेशनं तिथंच सलीमभाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. तिकडून सलीमभाई सगळं ऐकून घेऊन हसत म्हणाले, "अरे बेटा, टीव्हीका नाप तिरछा रैता. इस कोनेसे उस कोनेतक. इसलिए तो पचास बोल रहा था."

महेशनं टेप तिरकी लावली. बरोबर त्रेचाळीस. मग ह्यांच्याकडे तोंड करून बोटानं तिरकी रेघ ओढून दाखवली. ह्यांना ते पटायला वेळ लागला. "तिरकं मापून टॉवेल इकला असता," म्हणाले, "तर शेठनं पायतान काढलं असतं." आम्ही विणकरांच्या घरातली माणसं, आम्हाला पन्ह्यानंच फसवलं. सगळे हसलो.

पण हसणं सरल्यावर हे आपल्या नेहमीच्या जागेवर, दाराजवळ, जाऊन बसले. बातम्या लागल्या. हे डोळे बारीक करून बघत होते. मला लांबूनच कळलं. कटिंगच्या दुकानातलं तोंड हे नव्हतं. हे उठले, खुर्ची पुढं घेतली. पुन्हा बघितलं. पुन्हा पुढं. अखेर खुर्ची जवळजवळ टीव्हीला टेकली आणि मागं बसलेल्या सगळ्यांना ह्यांचं डोकंच दिसायला लागलं.

"आण्णा, एवढं जवळ कशाला? डोळे जातील," महेश म्हणाला. हे वळले नाहीत. "आण्णा! बदलून आणू आपण, पन्नासचा. ऐकताय का?" महेश वैतागला. "आई, बघ. हट्ट नुसता. ऐकूनही घ्यायचं नाही माणसाचं."

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"ते माहीत आहे गं, कमी येतं."

"कमी नाही. येतच नाही. तोंड दिसलं तर कळतं. पाठीमागून बोललेलं काहीच कळत नाही."

पूजा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, नेहमीसारखी खाली बघत. तिनं मान वर केली.

"मग मी बोलते ते?"

"तू खाली बघून बोलतीस बाई."

तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती तशीच उभी राहिली, हातातलं फडकं पिळत, पाणी नसलेलं. मग म्हणाली, "आईनं तसं शिकवलंय." मी म्हणाले, "चांगलंच शिकवलंय."

मी ह्यांच्यासमोर जाऊन सांगितलं, बदलून आणू म्हणतोय महेश. ह्यांनी भिंतीकडे बोट केलं. भोकं पाडलेली भिंत पुन्हा फोडायची त्यांची तयारी नव्हती. "जवळ बसतो की," म्हणाले. तो टीव्ही तिथंच राहिला, आजही आहे.

मला वाटलं होतं, हे घरात बसायला लागले म्हणजे झालं. बसायला लागलेही. पायरी सुटली. पण आता हे पुढं आणि घर पाठीमागं. मागं महेश-पूजा काही बोलून हसायचे, ह्यांना पत्ता नाही. पुढं हे एकटेच हसायचे, मागच्यांना कारण कळायचं नाही. बाहेरच्या पायरीवर निदान जाणाऱ्या-येणाऱ्याचं तोंड तरी दिसायचं. टीव्ही लावला की घरातली सगळी तोंडं भिंतीकडे वळतात हे मी आधी कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

आणि टीव्हीतली सगळी माणसं बातम्यांच्या बाईसारखी सरळ बोलत नाहीत. मालिकेतल्या बायका एकमेकींकडे पाठ करून बोलतात. कुणी दाराआडून बोलतं, कुणी मनात. खाली कधी अक्षरं येतात ती इंग्रजी. दुसऱ्या भाषेतून आणलेला सिनेमा लागला तर विचारूच नका. तोंड एक म्हणतं आणि आवाज दुसरं. ह्यांनी पहिल्यांदा तसा सिनेमा बघितला तेव्हा टीव्ही बिघडला म्हणून महेशला हाक मारली.

मी एक दिवस उठले आणि टीव्हीच्या खाली, भिंतीला पाठ लावून, खाली बसले. ह्यांच्याकडे तोंड करून. वर मालिका चालू. कान माझे, डोळे ह्यांचे. जिथं तोंड दिसत नाही तिथलं मी सांगायचं, मागं महेश काय म्हणाला तेही सांगायचं. थोरली जाऊ दाराआडून काय बोलली, डॉक्टरांनी खोटा रिपोर्ट का दिला, महेशला उद्या लवकर जायचंय, सगळं एका सुरात, सूर नसलेल्या. मालिका मला दिसत नाही. कुणी कुठली साडी नेसलीय ते मला पूजा नंतर सांगते. पण प्रसंग वाईट आला की ह्यांच्या कपाळाला आठी पडते आणि सुटला की पाय हलायला लागतो, तेवढ्यावर माझं भागतं. महेश म्हणतो, आई, एवढा टीव्ही आणला आणि तू त्याच्याकडे पाठ करून बसतेस. यंदाही तशीच बसते. भिंतीला तिथं माझ्या पाठीचा डाग पडलाय.

टीव्ही आला त्या वर्षीची दिवाळी तोंडावर आली होती. दिवसभर तळणाचा वास, बाहेर अजून ऊन उतरत नव्हतं. संध्याकाळी मालिका लागली, मी खाली बसले, सांगायला सुरुवात केली. पूजा करंज्या करत होती. मध्येच उठून आली, हाताला पीठ तसंच, आणि माझ्याशेजारी भिंतीला पाठ लावून बसली. सासऱ्याच्या अगदी समोर. मी जरा सरकून जागा दिली. तिनं मान खाली घातली. मग वर केली आणि ह्यांच्या डोळ्यांत बघितलं. कान लाल झाले होते तिचे. मग तोंड उघडलं, इतकं मोठं की आतली दाढ दिसावी. भुवया वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आवाज काडीचा नाही.

"आ-ण्णा. च-हा. ठे-वू. का?"

ह्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"अगं हळू, हळू," म्हणाले. "वरडतीस कशाला? आयकू येतंय की मला."